शिदोरीवर नाव कोणाचं

आगटेकाकांनी शिदोरीचं कार्ड टेबलाच्या मधोमध, जाळीला टेकवून उभं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "नाव कोणाचं?"

बोलायचं होतं ते मी, आणि मीच गप्प होते.

नाशिकच्या एका जुन्या जिमखान्याचा हॉल होता आणि टेबल टेबलटेनिसचं होतं. आमची वर्षाची बैठक तिथेच व्हायची, कारण काका त्या जिमखान्याचे चाळीस वर्षांचे सभासद होते आणि रविवारी त्यांच्या शब्दावर हॉल मिळायचा. 'निवडुंग' ही आमची ऑपरेटिंग सिस्टिम. संगणक चालू केला की तो ज्याच्या जिवावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर. कोणाच्या मालकीची नाही, फुकट, आणि आतलं सगळं उघडं; ज्याला समजेल त्यानं बघावं, दुरुस्त करावं. कंपन्यांनी म्हातारे ठरवून टाकलेले संगणक तिच्यावर मजेत चालायचे. कमी पाण्यात जगतो म्हणून निवडुंग. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी ती सुरू केली आणि पुढे आम्ही पंचवीस-तीस जण तिला चिकटलो.

पुढच्या वर्षीच्या निवडुंगात काय असणार, ते डिसेंबरातल्या या बैठकीत ठरायचं. एक काम, एक कार्ड. ज्याला ते काम वर्षभर निभवायचंय त्यानं स्वतः उठून, स्वतःच्या हातानं त्यावर नाव लिहायचं. नाव पडलं की कार्ड खिडकीच्या बाजूला. नाव नाही पडलं तर जाळीपलीकडे, दाराच्या बाजूला, आणि ते काम पुढच्या आवृत्तीतून बाद. दुसऱ्याच्या वतीनं नाव लिहायचं नाही. आणि त्या टूलमध्ये ज्याचे निदान पंचवीस बदल घेतले गेलेत त्यानंच लिहायचं. "मेलवर हो म्हणणारे शंभर असतात," काका म्हणायचे, "टेबलापर्यंत चालत येणारे वीस."

शिदोरीत माझ्या नावावर एकशे त्रेचाळीस बदल होते. दुसऱ्या कोणाच्या नावावर दोनसुद्धा नव्हते.

"हेमांगी?" काका म्हणाले.

"आधी आकडा सांगू का?" इक्बाल तांबोळी लॅपटॉपमागून म्हणाला. इक्बाल आमचा सर्व्हर सांभाळायचा. माणूस गोड, पण आकडा दिसला की त्याला राहवत नसे. "शिदोरी वापरणारे संगणक, या वर्षी, एकूण अकरा."

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले असेन. भिंतीजवळच्या खुर्चीवर एक माणूस मात्र हसला नाही. जालमसिंग पावरा सर. धडगावच्याही पुढे, सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक. शहाद्याहून धुळं, धुळ्याहून नाशिक असं करत ते आदल्या संध्याकाळी पोहोचले होते. चार वर्षं आमचा पत्रव्यवहार होता. महिन्याला त्यांचं पाकीट यायचं, आत पेन ड्राइव्ह आणि वहीच्या कागदावर पत्र. मी नवा भरलेला पेन ड्राइव्ह उलट टपालानं पाठवायचे. भेटत होतो पहिल्यांदाच. मांडीवर रेक्झिनची पिशवी धरून ते टेबलाकडे बघत होते.

"जेवून घेऊ," काका म्हणाले. "कार्ड इथंच उभं राहील. अडीच वाजता मला नाव पाहिजे, नाहीतर पलीकडे."

शिदोरी म्हणजे काय ते सांगते. जिथे इंटरनेट नाही तिथल्या संगणकाला नवं सॉफ्टवेअर, दुरुस्त्या, सगळं पेन ड्राइव्हवर बांधून देणारं टूल. एका गावात लावा, तिथला संगणक पुढच्या गावासाठी आणखी एक शिदोरी बांधून देतो. बाजाराला येणारी माणसं, नर्सबाई, एसटीचे ड्रायव्हर, ज्याच्या खिशात मावेल त्याच्याबरोबर ती पुढे जाते.

आणि माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं. सप्तक सिस्टिम्स या पुण्याच्या कंपनीचं. त्यांनी निवडुंगला मदत करायचं ठरवलं होतं: नवे सर्व्हर, दोन माणसं पूर्ण वेळ. त्यातलं एक माणूस मी. सहा वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनमध्ये नवा अर्ज, दर एप्रिलमध्ये नारळ. आईच्या पेन्शनवर घर चाललंय हे शेजाऱ्यांनाही पाठ झालं होतं. त्या पत्रात मला विकासप्रमुख म्हटलं होतं.

जेवणाच्या रांगेत कंपनीचे अमोघ रायकर माझ्या मागे उभे राहिले. सभ्य माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांनी तशी सोय ठेवली नव्हती.

"मॅडम, तुम्ही कार्डावर नाव लिहिलं नाहीत, बरं केलंत," ते म्हणाले. "आपलं बोलणं झालंय. वर्षभर तुमचा वेळ नव्या अपडेट सेवेला लागणार. ती नेटवरून चालेल. दोन्ही ठेवणं परवडणार नाही."

"नेट नाही त्यांचं काय?"

"येईल की. दोन वर्षांत सगळीकडे येईल."

"दोन वर्षांपूर्वीही दोन वर्षांतच येणार होतं."

ते हसले. "तुमचा हाच स्वभाव आम्हाला आवडला. शिदोरीचं तुमचं काम बघूनच तर तुम्हाला घेतलं. आमच्या पोरांना मी दाखवतो, बाई एकट्या बसून काय लिहितात बघा."

माझ्या ताटातली मटकी एकदम जास्त तिखट लागायला लागली. ज्या टूलसाठी मला घ्यायचं तेच बंद पाडायला घ्यायचं, हा विनोद रायकरांच्या लक्षात आला नव्हता. त्याच्या आतला दुसरा विनोद फक्त मला माहीत होता.

पावरा सर बाहेर पायरीवर बसून जेवत होते. मी जाऊन शेजारी बसले, कारण न बसणं फार दिसलं असतं.

"ताई, अकरा कसे मोजले त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"आमच्या सर्व्हरला जे संगणक जोडले जातात ते मोजतात."

"जोडले जात नाहीत म्हणून तर शिदोरी आहे ना?"

"हो."

"मग ते अकरा कोणते?"

"कोणीतरी चुकून नेटला लावले असतील."

ते थोडं हसले. मग पिशवीतून शाळेची हजेरीची जुनी वही काढली, एक पान उघडून दाखवलं आणि लगेच मिटली. "आमच्याकडचे दोनशे बारा. अठ्ठावन्न गावं. शाळा, उपकेंद्रं, दोन ग्रामपंचायती. जूनमध्ये उपकेंद्रातला लसीचा प्रोग्रॅम बिघडला होता. दुरुस्ती शिदोरीनं गेली, नऊ दिवसांत सगळीकडे. पुलावर पाणी होतं तरी गेली."

"तुम्ही हे आत सांगा ना."

"मी कोण?" ते म्हणाले. "मला तिथं बोलायला पंचवीस बदल पाहिजेत." हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं, की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

अडीच वाजता सगळे टेबलाभोवती जमले. कार्ड जाळीला टेकून तसंच उभं होतं. आगटेकाका काही विचारायच्या आत रायकर उठले आणि म्हणाले, "मला वाटतं, अकरा जणांसाठी एवढा वेळ घालवू नये. शिदोरीला आपण सन्मानानं निरोप देऊ या. लोणकर मॅडमनी तिच्यासाठी पुष्कळ केलंय."

टाळ्या सुरू झाल्या. माझ्यासाठी. आणि माझं डोकं फिरलं.

"सन्मान पुरे," मी म्हणाले. "आधी मोजणीचं बोलू. पोहता न येणाऱ्यांची शिरगणती विहिरीत उतरून केलीत, तर किती सापडतील, इक्बाल?"

"अं?"

"जे नेटवर नाहीत त्यांच्यासाठीचं टूल, आणि तू त्यांना नेटवर मोजतोस. दोनशे बारा संगणक आहेत एका तालुक्यात. नावानिशी. वही आहे."

इक्बालनं डोकं खाजवलं. "हे खरंय काका. चूक माझी. आकडा मागे घेतो."

"आकडा मागे घेतला," काका म्हणाले. "तरी नाव लागेल."

"मॅडम," रायकर हळूच म्हणाले, "आपलं ठरलंय."

"तुमचं ठरलंय." मी पर्समधून पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे ठेवलं. "हे तुमचं पत्र. माझी सही नाही त्यावर, होणारही नाही. ज्यांनी चार-चार वर्षं खपून काही उभं केलं त्यांना सन्मानानं निरोप द्यायचा, आणि त्यांच्याच घरात तुम्ही आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, हे मला..."

पुढचा शब्द तोंडातून निघाला नाही.

कोणाच्या लक्षात आलं नसेल. सगळ्यांना वाटलं माझा कंठ दाटला. कोणीतरी "शाब्बास" म्हणालं, पुन्हा टाळ्या वाजल्या, इक्बालनं स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं. मी कार्ड उचललं. 'हे' एवढं लिहिलं. हेमांगीतला 'हे'. समोर भिंतीजवळ पावरा सर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. तेही टाळ्या वाजवत होते, पण सावकाश, आणि माझ्या हाताकडे बघत.

नोकरी तर मी घालवलीच होती. आता नाव लिहिलं की शिदोरी वाचणार होती. कंपनीला तोंडावर नाही म्हणणारी बाई म्हणून पुढची दहा वर्षं माझी गोष्ट सांगितली गेली असती, आणि मला ती आवडली असती. हे मला तिथेच, पेन हातात असताना, लख्ख कळलं. मी ते एवढंसं अक्षर गिरवून काळं केलं.

"काका," मी म्हणाले, "मला यावर नाव लिहिता येत नाही."

"का? एकशे त्रेचाळीस बदल आहेत तुझे."

"बारा आहेत."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"एकशे एकतीस यांचे आहेत." मी भिंतीकडे बोट केलं. "जालमसिंग पावरा. ते पेन ड्राइव्हवर काम पाठवायचे, पत्रात समजावून लिहायचे. मी ते आपल्या सर्व्हरवरच्या भांडारात चढवायचे. पहिल्या वेळी मशीननं आपोआप माझं नाव लावलं. मला दिसलं. म्हटलं, मागाहून बदलू. दुसऱ्या वेळीही म्हटलं. मग त्या वर्षीच्या बैठकीत तुम्ही सगळ्यांनी माझं कौतुक केलंत. मग नाही बदललं."

बाहेर बॅडमिंटनच्या कोर्टवर कोणीतरी गुण मोजत होतं ते ऐकू येत होतं. रायकर आपलं पाकीट उलटसुलट करत होते.

"आणि तुझे बारा?" काकांनी विचारलं.

"त्यातले सात नुसते मेनूतले शब्द बदललेले."

काका खिडकीच्या बाजूला गेले. तिथे माझ्या नावाची आणखी दोन कार्डं होती. त्यांनी ती उचलली, वाचली. "ही तरी तुझीच ना?"

"हो."

त्यांनी ती परत ठेवली. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. तेरा वर्षांनी लहान होते मी त्यांच्या मुलीपेक्षा, मला ते लेकीसारखं वागवायचे, आणि त्या दिवशी त्यांनी ती कार्डं एखाद्या परक्याची असावीत तशी नीट सरळ करून ठेवली.

इक्बालनं तोंड उघडलं. "काका, मी आत्ता बसून सगळीकडचं नाव बदलून टाकतो. तासाभराचं काम आहे. कोणाला कळणारही नाही."

त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. मला वाचवायलाच बघत होता. पण निवडुंगात पहिल्या दिवसापासून एक शिस्त होती: झालेली नोंद पुसायची नाही. चूक झाली तर ती तशीच राहते, आणि तिच्याखाली दुरुस्तीची नवी नोंद करायची. वीस वर्षांनी कोणी उघडलं तरी चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही.

"पुसायचं नाही," मी म्हणाले. "खाली लिहायचं. मी लिहिते."

प्रोजेक्टर लावलेलाच होता. मी इक्बालच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांच्या देखत, भिंतीवर हातभर अक्षरं उमटत असताना लिहिलं: 'शिदोरीतले खालील एकशे एकतीस बदल जालमसिंग पावरा यांनी केले आहेत. ते मी माझ्या नावावर चढवले.' इथे थांबले. 'चुकून' असं लिहिलं. भिंतीवर ते फार सोयीचं दिसायला लागलं. ते खोडून लिहिलं: 'पहिला चुकून. बाकीचे नाही. हेमांगी लोणकर.' आणि नोंद कायमची केली. त्या वर्षात पहिल्यांदाच मला श्वास पुरत होता.

"आता नियमात बसतं," काका म्हणाले. "पावरा, नाव कोणाचं?"

पावरा सर उठले, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि टेबलापर्यंत चालत आले. कार्डावरचं माझं काळं केलेलं अक्षर त्यांनी बघितलं. त्याच्या शेजारी शाळामास्तराच्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. मग कार्ड खिडकीच्या बाजूला ठेवण्याआधी हातातच धरून म्हणाले, "एक अट आहे. नियमात हजर राहिलं पाहिजे असं आहे. मी हजर राहायला चार गाड्या बदलल्या. पुढच्या वर्षीची बैठक आमच्या शाळेत. तुम्ही चार गाड्या बदलायच्या."

"तिथं नेट नाही," इक्बाल म्हणाला.

"म्हणूनच," पावरा सर म्हणाले.

काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच जोरात हसून घेतलं. रायकरही हसले, मग घड्याळ बघून निघाले. पाकीट ते घेऊन गेले. जाताना त्यांनी पावरा सरांना आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं, आणि सरांनी ते वाचून वहीत बुकमार्क म्हणून घातलं.

संध्याकाळी स्टँडवर त्यांना सोडायला मी गेले. फलाटावर मला राहवेना.

"सर, मी तुम्हाला कसं सांगू..."

"ताई, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून. शिदोरीबरोबर बदलांची यादी पण येते ना, कोणी काय केलं ती. ती सोय मीच घातली होती."

ती सोय माझ्या नावावर चढवताना हे माझ्या मनात आलं नव्हतं का? आलं होतं. ती यादी कोण वाचत बसतंय, असं मी स्वतःला सांगितलं होतं. वाचणारा माणूस दर महिन्याला वाचत होता, आणि पुढचं पाकीट पाठवत होता.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पिशवीतून ती हजेरीची वही काढून माझ्या हातात दिली. मागच्या अर्ध्या भागात मला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत होती, तारखेसकट, टपालाच्या पावतीसकट. अठ्ठेचाळीस पत्रं.

"नाव कोणाचं का असेना, काम चालू होतं, म्हणून गप्प होतो," ते म्हणाले. "पण आज तुम्ही ते पलीकडे जाऊ दिलं असतं, तर ही वही टेबलावर आली असती. त्याच्यासाठीच आलो होतो मी."

"आणि मी माझंच नाव लिहिलं असतं तर?"

"तरी आली असती," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं 'हे' लिहून झालं तेव्हा मी पिशवीचा बंद सोडवायला घेतला होता."

धुळ्याची गाडी लागली. ते पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, "मी मास्तर आहे ताई. स्वतःहून उठून सांगितलं तर शिक्षा कमी करतो. पण करतो. आता पाकीट मी नाही पाठवणार. महिन्याला तुम्ही यायचं, आणि घेऊन जायचं."

तीन वर्षं मी दर महिन्याला गेले. चार गाड्या बदलून. पॉलिटेक्निकनं मला पुढच्या एप्रिलमध्येही नारळ दिला आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज घेतला. आईनं विचारलं, पुण्याच्या नोकरीचं काय झालं. मी खरं ते सांगितलं, आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्या मास्तरांना आपल्याकडचे पापड घेऊन जा.

या सगळ्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्या गावाला टॉवर आला आहे, तो कधीकधी चालतो. शिदोरीच्या कार्डावर दर डिसेंबरात नाव पडतं, आता त्यांच्या एका विद्यार्थिनीचं. माझी नोंद आहे तिथेच आहे. गेल्या बैठकीत एका नव्या मुलानं मला बाजूला घेऊन फार अदबीनं सांगितलं, की मॅडम, बाहेरचे लोक आपला प्रकल्प बघायला येतात, शिदोरी उघडली की तुमचं ते वाक्य पहिलं दिसतं, बरं नाही वाटत. आता एवढी वर्षं झाली, तर पुढच्या आवृत्तीत ते काढून टाकू या.

मी त्याला कोरं कार्ड आणि पेन दिलं.

"लिही त्यावर, 'हेमांगीची नोंद पुसणे'," मी म्हणाले. "खाली स्वतःचं नाव घाल, आणि ये टेबलापाशी. मी खिडकीच्या बाजूला उभी आहे."

तो अजून आलेला नाही.